इंदूबाईंच्या तोंडाला फासलेली काजळी

इंदूबाईंनी एकवीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये सुताच्या लड्या बांधल्या. सुटी झाली की नळावर हातपाय चोळायचे, केसांत अडकलेला कापूस वेचायचा, वेणी घालायची आणि मगच फाटकाबाहेर पाऊल टाकायचं. मिलवाली बाई गबाळी असते असं कोणी म्हणू नये, एवढाच त्यांचा हट्ट. मिल बंद पडून वीस वर्षं झाली, तरी दारात पाहुणा दिसला की त्या आधी तोंड धुवायच्या.

म्हणून नात नंदिनी म्हणाली, "आजी, जुन्या नागपूरच्या कामगारांचं प्रदर्शन हाय, तुहा फोटो पाहिजे त्याइले," तेव्हा त्यांनी ठेवणीतलं निळं पातळ काढलं.

फोटो काढायला आलेला अंकित त्यांना पाहून हिरमुसला. त्यानं डबीतली काजळी बोटावर घेतली आणि सरळ त्यांच्या गालाकपाळाला फासली.

"हे काहून गा?"

"आजी, लोकांना कळायला हवं ना, तुम्ही कामगार आहात."

"मिलमधी कापूस राहे बापू, कोळसा नाही. आमी तं पांढऱ्याफटक होऊन निघत होतो."

"पांढरं फोटोत उठून दिसत नाही."

फोटो राहून जाईल म्हणून नंदिनीचा जीव वरखाली होत होता. तिच्याकडे पाहून इंदूबाई तशाच फोटोला बसल्या.

मॉलमध्ये प्रदर्शन लागलं, नंदिनी आजीला घेऊन गेली. आपलं काळं तोंड दिसताच इंदूबाईंनी पदरानं गाल पुसला. खाली लिहिलं होतं, 'काळ्या शहराची लेकरं'. समोर उभी असलेली एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "शी! कसे राहत असतील गं हे लोक? वास मारत असतील." आणि नाक दाबून तिनं सेल्फी काढला.

इंदूबाईंना किळस आली. त्या बाईची आली, अंकितच्या बोटांची आली, पण सगळ्यात जास्त स्वतःची. आपण बसलोच कशाला? त्यांनी फोटो खिळ्यावरून उतरवला आणि काखेत मारला. गार्ड धावला.

"माहंच थोबाड हाय, घेऊन चालली. नंदे, ऑटो थांबव वं."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी अंकित फ्रेम मागायला आला. फोटोचे तुकडे सकाळीच कचरागाडीत गेले होते.

"चुकलं आजी. दुसरा काढू, चांगला."

"तुह्या हातचा नाही पाहिजे," त्या म्हणाल्या आणि रिकामी फ्रेम त्याच्यापुढे सरकवली.

त्या घरातून चहा न घेता आजवर कोणी गेलं नव्हतं. अंकित गेला.