न उमटणारी बोटं

पनवेलच्या पोलीस ठाण्याची पायरी मी चढलो आणि आत बसलेल्या हवालदारानं ओढत असलेली विडी हातातून खाली सोडली. ती जमिनीवर धुमसत राहिली, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

"कोण रे तू?" त्यानं विचारलं.

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, काय काम आहे ते सांगितलं. त्यानं मान हलवली, पण त्याची नजर काही हलली नाही.

मला एडनला जायचं होतं. तिथल्या मिठागरांना मिठाचं काम जाणणारी माणसं हवी होती, आणि आमच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मीठच पिकवत आलेली घरं गावोगाव होती. मी त्यांतल्याच एका घरातला. सातवी पास होतो, म्हणून मुकादमाची जागा मिळत होती. पासपोर्टाच्या कागदांबरोबर पोलिसांचा दाखला जोडायचा होता, की या इसमावर कुठलाही गुन्हा नाही. त्यासाठी दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे पुण्याला जायचे. तिथे ते चोर-दरोडेखोरांच्या ठशांशी ताडून बघत, मग दाखल्यावर शिक्का बसे.

हवालदारानं काचेवर शाई पसरली. माझा अंगठा धरला, शाईवर फिरवला, कागदावर टेकवला. उचलला तर कागदावर नुसता काळा डाग. शेजारचं बोट घेतलं, तोच डाग. त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं माझा हात पुसला आणि पुन्हा सुरुवात केली.

"जोर लावू नको. सैल सोड."

मी हात अगदी मेल्यासारखा सैल सोडला. तरी सगळ्या चौकटींत काळे गोळे. एकही रेघ नाही.

फौजदार आले. त्यांनी माझी बोटं खिडकीजवळ नेऊन उजेडात धरली. "घासून आलास काय? कानशीनं? हे धंदे कोण करतं माहीत आहे ना?"

मी सांगितलं की लहानपणापासून खाऱ्या पाण्यात हात आहेत, मीठ ओढून ओढून आमच्या घरात सगळ्यांचीच बोटं अशी झालीत. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. दुपारभर त्यांनी मला बाकावर बसवून ठेवलं. अखेर म्हणाले, मिठाला हात न लावता महिनाभर घरी बस, मग ये. ठसे आले तर दाखला, नाही आले तर एडन विसर.

मी बाहेर पडलो. बाजाराच्या वळणापर्यंत गेलो असेन, मागून हवालदार आला. मला चहाच्या दुकानात घेऊन गेला. स्वतःच्या चहाला त्यानं हात लावला नाही.

"अशी बोटं मी याआधी एकदाच बघितलीत," तो म्हणाला. "लढाईचे दिवस होते. मी घाटावरून नवीन बदलून आलो होतो, मिठागर म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. बंदराच्या अलीकडे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी आहे ना, तिच्या फळ्यांना एक माणूस लागला. जवान. अंगावर कुठं मार नाही. बुडून फार वेळ झालेला नव्हता, झोपल्यासारखा दिसत होता. ओळख पटेना म्हणून साहेबांनी ठसे घ्यायला सांगितले. मीच घेतले. काही उमटलं नाही. साहेब म्हणाले, पाण्यानं फुगलीत बोटं. पण फुगलेली नव्हती. गुळगुळीत होती. तुझ्यासारखी."

त्यानं एकदा रस्त्याकडे पाहिलं.

"आणि तोंडही तुझ्यासारखं होतं. सकाळी तू पायरी चढलास, तेव्हा मला वाटलं, हा उठून आला कसा?"

माझा एक थोरला भाऊ होता. लढाईत जहाजांवर खलाशी हवे होते. बंदरावरून मचवा मुंबईला जायचा, तो पकडायला दादा गाठोडं घेऊन निघाला, तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. पत्र कधी आलं नाही. तेव्हा कोकणातल्या कितीतरी घरांत पत्रं येत नव्हती. जहाजं कुठे आहेत हेच कुणी सांगत नव्हतं. आमच्या घरात दादा जहाजावर होता.

"दवंडी पिटली नाही?" मी विचारलं.

"पिटली की, सगळ्या गावांत. दुसऱ्या दिवशी एक बाई आली. एकटीच. तिनं चादर बाजूला केली, खाली बसली आणि त्याचा हात हातात घेतला. बोटांना माझी शाई तशीच होती. तिनं पदराला थुंकी लावली आणि एकेक बोट पुसलं. करंगळीपासून सुरू करून. मला वाटलं, आता ही टाहो फोडणार. पण ती उठली, म्हणाली, 'माजा नाय,' आणि गेली. मग आम्हीच बंदराजवळ तिवरांच्या कडेला त्याला जाळलं."

घरी पोचलो तेव्हा ऊन होतं. वडील गेल्यापासून घरात आई, वहिनी आणि मी तिघंच होतो. आई अंगणात सुकट राखत बसली होती. तिनं विचारलं, "झायलं का?" मी म्हणालो, "बोटं उमटत नायत. महिनाभर हात राखायला सांगितलंय." ती उठून आत गेली, लोण्याची वाटी घेऊन आली आणि माझ्या समोर बसली.

तिनं माझा हात मांडीवर घेतला. करंगळीपासून सुरुवात केली.

मी हात मागे ओढला. "काय झायलं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, काही नाही, आणि हात परत दिला.

मग रोज हेच चाललं. इतकी वर्षं ज्या हातांना कधी सुट्टी नव्हती, ते मांडीवर नुसते पडून असत. काही दिवसांनी बोटांची कातडी सुटायला लागली, जुन्या भिंतीच्या चुन्यासारखी. खालून गुलाबी, पातळ कातडी निघाली, आणि तिच्यावर बारीक रेघा. आधी अंगठ्यावर एक भोवरा दिसला. मग शेजारच्या बोटावर. मला त्या रेघा आपल्या वाटतच नव्हत्या. दुसऱ्या कुणाचे तरी हात माझ्या हातांतून वर येताहेत असं वाटे. भाकरीला हात लावला तर तिचा कण न् कण टोचायचा. आईचा तळवा लागला की तो काचेसारखा गुळगुळीत वाटायचा, आणि अंगावर काटा यायचा.

वहिनी एकदा भांडी घासताना म्हणाली, "भावजी, तिकडं एडनला सगली जहाजं थांबतात म्हनं."

"थांबतात."

"मंग बंदरावं जात जा. इचारा कुनाला. त्यांच्या कपालावं डाव्या बाजूला जखमेचा वन हाय, तुमाला ठावंच हाय."

वहिनी लग्न होऊन आली आणि चार महिन्यांत दादा गेला. त्याची वाट बघतच ती आमच्या घरात मोठी झाली म्हटलं तरी चालेल. कपाळाला कुंकू, हातात हिरवा चुडा. आमच्यात नवरा मेला तर बाई म्होतूर लावून दुसरं घर करू शकते, पण जहाजावर असलेल्या माणसाच्या बायकोला कोण विचारणार? मी तिला हो म्हणालो. तेवढं बोलल्यावर मात्र मला घरात थांबवेना.

आई खारबंदीवर, खाडीच्या बांधावर, शेण्या गोळा करत होती. मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो.

"आये, दादाला तू बघितलंस ना? बंदरावर?"

ती वाकलेलीच राहिली. बऱ्याच वेळानं सरळ झाली. मला वाटलं होतं ती रडेल, निदान चिडेल. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"कोनी सांगितला?"

"हवालदारानं. तुझं नाव त्याला ठाऊक नाही."

"बगितला," ती म्हणाली. "तुजा बापूस तवा खाटंवर व्हता. त्याला सांगितला असता तर तो बी गेला असता. घरान नवी सून. मी मनाशी म्हनलं, माजा म्हनशील तर हा याच घडीला मेला. माजा नाय म्हनलं तर हा जहाजावर हाय. तवा मी त्याला जहाजावर धाडला."

"आणि वहिनी?"

शेण्यांची पाटी तिनं डोक्यावर घेतली. बांधावरून उतरताना मागे न बघता म्हणाली, "रोज वाटतं, आज सांगेन. मंग वाटतं, आजचा दिस जगू दे त्याला."

महिना सरल्यावर मी ठाण्यात गेलो. हवालदारानं अंगठा फिरवला, कागदावर टेकवला, आणि दोघंही श्वास धरून बघत राहिलो. भोवरा उमटला. सगळ्या चौकटी भरल्या. त्यानं कागद वाळायला ठेवला आणि हळूच विचारलं, "तुझाच होता?"

"माझा भाऊ."

"आता कागदावर चढवायचं का?"

मी नको म्हणालो. पुढे पुण्याहून कागद परत आला, नावावर काही नव्हतं, आणि मला दाखला मिळाला.

निघायच्या आदल्या दिवशी मी ट्रंक भरत होतो. आई आणि वहिनी सकाळपासून खाडीकडे गेल्या होत्या. दुपारी दोघी परत आल्या. आई ओसरीवर टेकली. वहिनी सरळ आत गेली आणि घरातली होती नव्हती ती सगळी भांडी बाहेर काढून घासायला बसली. घासलेलीच भांडी. ऊन कलेपर्यंत ती घासत होती. मग हात धुऊन माझ्याजवळ आली. चुडा हातात तसाच होता.

"भावजी," ती म्हणाली, "तिकडं कुनाला इचारू नका आता."

मी मान हलवली.

एडनला मी तीन हंगाम काढले. मुकादमाला मिठात हात घालावा लागत नाही. पहिल्याच वर्षी गावाहून पत्र आलं: आईनं पंचांना बसवून वहिनीचं म्होतूर लावून दिलं होतं. मुलगा उरणच्या बाजूचा, शेती करणारा. लेकीला देतात तशी आईनं तिला पाठवणी दिली, असं शेजाऱ्यानं लिहिलं होतं. शेवटी दोन ओळी होत्या: म्हातारी आता एकटी असते. अधूनमधून तिवरांकडे जाऊन बसते, तुम्ही आलात की बघा.

रजेवर आलो तेव्हा मी तिच्याबरोबर तिवरांकडे गेलो. ओहोटी होती. चिखलावर खेकड्यांची बिळं उघडी पडली होती. बांधाच्या एका सुक्या तुकड्यावर ती पाण्याकडे तोंड करून बसली आणि बोलायला लागली. माझ्याशी नव्हे. कौलं बदलली, ती कशी महाग पडली. रेडी कशी आजारी होती. वहिनीला मुलगा झाला, तिच्या घरी सगळं चांगलं आहे. आवाज रोजचा, ओसरीवर बसलेल्या माणसाशी बोलावं तसा.

मधेच ती थांबायची. दम लागला म्हणून नाही. समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढीच थांबायची, मान किंचित कलती करून, आणि मग पुढचं बोलायची. सुरुवातीला मी तिच्याकडे बघत होतो. नंतर तिच्याकडे बघवेना, म्हणून तिवरांकडे बघत बसलो. वारा पडलेला होता.

एकदा ती अशीच थांबली, आणि हसली. कुणीतरी थट्टा केल्यावर हसतात तशी, लाजून, तोंडाला पदर लावून.

मग उठली, लुगडं झटकलं आणि मला म्हणाली, "चल बाला. भरती यला लागली."