भज्यांच्या कागदावरचा ग्रंथ

"ती भजी खाली ठेवा!" नळदुर्गच्या ढाब्यावर मी असा ओरडलो, की हायवेवरचे चार ट्रक जागीच थांबले. असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर एकच थांबला, आणि तोही जेवायला. समोरच्या ड्रायव्हरनं मात्र कागदासकट भजी मुकाट्यानं टेबलावर ठेवली. कागदाच्या एका बाजूला आमच्या चर्चच्या जुन्या रविवारची गीतं छापलेली. पाठीमागं आमच्या पाळकसाहेबांचं मुंगीएवढं अक्षर.

आम्ही बाप्टिस्ट, मोठेपणी नदीत बुडवून बाप्तिस्मा घेणारी मूठभर घरं. रविवार उलटला की उरलेल्या आराधनापत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर साहेब देवाच्या कृपेवरचा आपला ग्रंथ लिहीत. तीस वर्षं लिहिला. दुसरी प्रत नाही, आणि आता डोळेही गेलेले. कापणीच्या सणाआधी चर्च झाडताना मी, अतिहुशार माणूस, तो गठ्ठा जुन्या पत्रिका समजून रद्दीवाल्याला दिला. आठवड्यानं चूक कळल्यावर त्याला गाठलं, तर त्यानं हा ढाबा सांगितला. वाटेत मी जेवढी प्रार्थना केली, तेवढी बाप्तिस्म्याला बोरी नदीत छातीभर पाण्यात उभा असतानाही केली नव्हती. आणि मला पोहता येत नाही. तरी मनात शंका होतीच, देव रद्दीत कशाला लक्ष घालील?

ढाबेवाले अण्णा गल्ल्यामागून उठले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी फळीवरून सुतळीनं बांधलेला गठ्ठा काढला.

"सुरवातीला काई पानं गेली," ते म्हणाले. "मग एक उलटून वाचलं. कुनीतरी लई जीव लावून लिव्हलंय, म्हनून बांधून ठिवलं. आजचं तेवढं आचाऱ्यानं ओढलं."

रोज दुपारी ते चार पानं वाचत होते म्हणे.

साहेबांच्या कृपेवरच्या उपदेशांत मी वर्षानुवर्षं डुलक्या काढल्या. ती कृपा उमगली इथं, तळणाच्या वासात. मी कमावलं काहीच नव्हतं, फक्त हरवलं होतं. आणि मी देवापुढं हात जोडण्याच्या कितीतरी आधी एका परक्या माणसानं ते सांभाळून ठेवलं होतं. त्या दिवसापासून मी देवाला सल्ले देणं बंद केलंय. नुसते आभार मानतो.

पानं क्रमानं लावली, साहेबांच्या घरी जाऊन त्यांच्या मांडीवर गठ्ठा ठेवला आणि सगळं कबूल केलं. तिसरा अध्याय जवळजवळ सगळा भज्यांखाली गेला, हेही सांगितलं. साहेबांनी पानांवरून हात फिरवला.

"तिसरा लांबलाच होता," ते म्हणाले.