देवीच्या डोंगराचं कुसळ

देवीच्या डोंगरावरून उतरलो, तर पायथ्याच्या दगडावर एक मावशी लुगड्याला चिकटलेली कुसळं वेचत बसल्या होत्या. वेचलेली कुसळं त्या मुठीत साठवत होत्या आणि मूठ भरली की वळून डोंगराच्या गवतात सोडत होत्या.

"इथली काडीसुद्धा घरी न्यायची नाही," त्या म्हणाल्या. "देवीचं देवीपाशी."

आसपासचे सगळे डोंगर बोडके, आणि कुंपण नसताना एवढं गर्द रान इथंच कसं टिकलं, याचं मला नेहमी नवल वाटायचं. ते असं मुठीमुठीनं टिकलं असावं. मीही शेजारी बसून पँटवरची कुसळं वेचली.

घरी मोजा काढताना एक कुसळ टोचलं. ते काडेपेटीत जपून ठेवलंय. आता परत द्यायला जावं लागणार. बरंच झालं.