विषय : शेळी उलटी चालत असल्याबाबत

आमच्या भागाला जनावरांचा एक नवा दवाखाना मंजूर झाला होता आणि मागणारी गावं होती तीन. धाराशिवला मीटिंग ठरली. प्रत्येक गावानं दहा मिनिटांत आपली बाजू मांडायची. पत्राच्या शेवटी एक ओळ होती, सादरीकरण पीपीटी स्वरूपात आणावे. सरपंचांनी ती ओळ दोनदा वाचली, टोपी नीट केली आणि पत्र माझ्याकडं सरकवलं. "पशुसखी तुमी. लॅपटॉप तुमच्या घरात. तवा हे तुमीच बघा, ताई."

पशुसखी म्हणजे गावातल्या शेळ्यांना जंताचं औषध पाजणारी, लसीच्या आदल्या दिवशी वस्त्यावस्त्यांवर हाळी देत फिरणारी बाई. लॅपटॉप म्हणजे दिरांनी पुण्यात नवा घेतल्यावर आमच्याकडं धाडलेला जुना. त्यात सादरीकरण करायचं फुकटचं एक सॉफ्टवेअर होतं. मी त्याला तोवर हातही लावला नव्हता. पण सरपंचांना नाही म्हणाले नाही, कारण दवाखाना गावाला हवा होता त्याहून जास्त मला हवा होता. मागच्या उन्हाळ्यात येरमाळ्याकडच्या दवाखान्याच्या वाटेवर माझी एक गाभण शेळी गेली. मालक मोटारसायकल घेऊन कळंबच्या बाजाराला गेलेले, आणि मी तिला चालवत निघाले होते. ती वाट मला मीटिंगमधल्या साहेबांना दाखवायची होती, बस्स.

म्हणून मी नकाशा काढला. इकडं आमची वस्ती, मधे पाझर तलाव, तलावाला वळसा घालून उलट्या दिशेनं हायवेला लागणारा रस्ता, आणि त्याच्या टोकाला दवाखाना. आमच्याच एका काळ्या शेळीचा फोटो कापून चिकटवला आणि तिला त्या रस्त्यावरनं चालवायचं ॲनिमेशन बसवलं. चार दिवस गेले त्यात. तलावापर्यंत शेळी झोकात गेली. वळणापाशी मात्र तोंड तिकडंच ठेवून मागच्या मागं सरकायला लागली.

माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा, सगळा जन्म शेळ्यांच्या मागं गेलाय. मी त्यांना हौसेनं दाखवायला बसवलं, तर त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अगं, शेळी कदी मागं चालती व्हय? साहेब म्हनतील, ह्यांना जनावराचं त्वांड कळंना, ह्यांना दवाखाना कशाला!"

हसण्यावारी म्हणाल्या, पण खरंच होतं ते. मी फोटो फिरवून शेळीचं तोंड दुसरीकडं केलं, तर वळणानंतर ती सरळ चालायला लागली आणि वस्तीपासून तलावापर्यंत उलटी. कळंबला टायपिंगच्या दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, "ताई, शेळी काढून टाका, गुलाबाचं फूल टाकतो, हलतं." मी म्हणाले, गुलाबाला जंत होत नाहीत, भाऊ. आणि तरातरा निघून आले.

मग त्या सॉफ्टवेअरमध्येच मदत म्हणून एक जागा सापडली. ती दाबली की इंटरनेटवर एक चर्चेचा गट उघडायचा, जगभरची माणसं आपापल्या अडचणी विचारत होती. सगळं इंग्रजीत. मी मराठीत लिहायचं आणि मोबाइलकडून इंग्रजी करून घ्यायचं ठरवलं. पण लिहायचं कसं? मला आयुष्यात एकाच प्रकारे लिहायची सवय, तालुक्याच्या ऑफिसला लिहितात तशी. मी लिहिलं :

"प्रति, माननीय साहेब. विषय : शेळी उलटी चालत असल्याबाबत. महोदय, वरील विषयान्वये विनंतीपूर्वक अर्ज करते की, सदर शेळी तलावापर्यंत सुरळीत चालत असून वळणानंतर मागे चालत आहे. तरी आपल्या स्तरावरून योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती. आपली विश्वासू." सोबत आधार कार्ड जोडलं. रहिवासी दाखला जोडला. ग्रामपंचायतीचं गोल शिक्क्याचं शिफारसपत्रही जोडलं, कारण शिक्का नसला की आपल्याकडं कागद कुणी हातात धरत नाही.

दोन दिवस कुणी हूं की चूं केलं नाही. मी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. तरी शांतता. मग माझं डोकं फिरलं. मीटिंगला आठवडा उरलेला आणि हे लोक फाइल दाबून बसलेत! मी लिहिलं, उद्यापर्यंत उत्तर न आल्यास आपल्या वरिष्ठांकडे दाद मागण्यात येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता मोबाइल वाजला. उत्तर आलं होतं.

"बाई, सगळ्यात आधी ती ओळखपत्रं इथून काढा, ही जागा साऱ्या जगाला दिसते. इथं वरिष्ठ कुणी नाही. मी टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस आहे, आवड म्हणून उत्तरं देतो. पगार कुणालाच नाही. तुमचा अर्ज आम्ही चार-पाच जणांनी वाचला आणि विचारात पडलो, कारण तुम्ही सगळं जोडलंत, फक्त सादरीकरणाची फाइल जोडली नाहीत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. फुकटात मदत करणाऱ्या माणसाला मी वरिष्ठांची धमकी दिली होती. तव्यावरची भाकरी करपली, तिकडं बघायचंही भान राहिलं नाही. आधी ते कागद काढले. मग माफी लिहिली, त्यातसुद्धा हाताच्या सवयीनं 'महोदय' आलंच. आणि फाइल जोडली.

मग काय, गटाला चेवच आला. एकानं विचारलं, व्हर्जन कोणतं? मला वाटलं, आता हे माझं वय विचारतात का काय! ते कुठं बघायचं हे दुसऱ्यानं सांगितलं. आणि टपालवाल्या दादांनी तोडगा काढला : दोन शेळ्या लागतील.

मी तडक लिहिलं, शेळी एकच होती, दादा. खोटं दाखवणार नाही.

त्यांनी शांतपणे समजावलं. पहिल्या शेळीचं तोंड तलावाकडं. वळणावर ती दिसेनाशी करायची आणि त्याच क्षणी, त्याच जागी, दुसऱ्या तोंडाची शेळी उभी करायची. बघणाऱ्याला एकच शेळी वळल्यासारखी दिसते. कुठलं बटण, कुठली यादी, सगळं त्यांनी ओळीनं लिहिलं होतं. माझं तीनदा चुकलं, तीनदा विचारलं, आणि एकदाही 'तुम्हाला सांगितलं होतं ना' असं त्या माणसानं म्हटलं नाही. आपल्याकडं इतका धीर फक्त शेळ्या राखणाऱ्यांकडं असतो.

चौथ्या खेपेला शेळी वळली! अशी वळली की मी खुर्चीतनं उठून ओरडले. आत्याबाई दारातून बघून म्हणाल्या, "आता बरूबर चालती." एवढं ऐकून मला जिल्हा जिंकल्यासारखं वाटलं.

सुधारलेली फाइल मी गटावर टाकली. संध्याकाळी दादांचा आणखी एक प्रश्न आला. वळणाच्या पुढं, दवाखान्याच्या अलीकडं शेळी बराच वेळ थांबते, मग चालते. ती चूक आहे का, काढून देऊ का?

चूक नव्हती. तिथं मीच थांबवली होती तिला, न ठरवता. मी पहिल्यांदाच त्या जागेबद्दल लिहिलं. करडू आत आडवं आलेलं, ऊन मी म्हणत होतं, ती रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसली आणि उठलीच नाही. मी तिला उचलून थोडं चालले. मग माझंही बळ संपलं आणि तीही संपली. लिहिताना मला रडू आवरेना, आणि मेला मोबाइल त्याचं इंग्रजी करत बसला.

दादांचं उत्तर दोन ओळींचं होतं. "मग तिला दवाखान्यापर्यंत नेऊ नका. जिथं थांबली तिथंच राहू द्या."

धाराशिवच्या सभागृहात आमचा नंबर शेवटचा होता. पहिल्या गावानं स्वागताच्याच सहा स्लाइड आणल्या होत्या, पुढाऱ्यांचे फोटो आणि फिरणारी अक्षरं. दुसऱ्या गावाला तर गुलाबाचं फूल होतं, हलतं. मी सरपंचांकडं बघितलं, दुकानातल्या गुलाबाचं त्यांना मी सांगितलं होतं, ते ओठ दाबून हसू आवरत बसले. आमची स्लाइड चारच. गाव, वस्त्या, शेळ्या किती ते, आणि नकाशा.

शेळी वस्तीवरून निघाली. ती तलावाला वळसा घालून वळली, मागं बसलेल्या बायकांत हळूच 'वळली, वळली' झालं. बाभळीपाशी ती थांबली. सभागृह वाट बघत राहिलं. मोठे साहेब चष्मा वर करून म्हणाले, "हँग झालं का हो, बाई?"

"न्हाय, साहेब," मी म्हणाले. "हँग न्हाय झालं. तिथंच मेली ती."

साहेब त्या काळ्या शेळीकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, दवाखाना तिथून किती लांब होता? मी म्हणाले, "दिसत होता, साहेब. पाटी दिसत होती." माझी दहा मिनिटं संपायला सहा बाकी होती आणि मी खाली बसले.

पंधरा दिवसांनी मी एका वस्तीवर करडांना औषध पाजत होते, आत्याबाई करडं धरून देत होत्या. सरपंचांचा फोन आला. "ताई, आपल्या गावाला आला! पत्र माझ्या हातात हाय!" मी अशी किंचाळले की करडं चहूकडं उधळली आणि औषधाची बाटली मातीत गेली.

आत्याबाई घाबरून म्हणाल्या, "काय गं? कोन मेलं?"

"कोन न्हाय मेलं, आत्याबाई! आता कोन मरायचं न्हाय!"

हे काही खरं नव्हतं. जनावरं मरतातच, आणि हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. पण त्यांनी मला टोकलं नाही. मातीत बसून माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "व्हय गं बाई, व्हय."