दोन वाव साखळी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी लाजत सांगत नाही. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि रत्नागिरीतच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून चिकटलो. मिरकरवाड्यातल्या आमच्या आळीत माणसं माझ्याशी बोलताना आवाज जरा खाली आणत. मला ते आवडायचं.

माझा चुलत भाऊ माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. सातवीत दोनदा आपटला, मग बोटीवर गेला. पंचविशीत तांडेल झाला, म्हणजे अख्खा ट्रॉलर त्याच्या शब्दावर चालायचा. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्याचं पाणी वेगळं, माझं वेगळं. चीफसाहेबांची होडी आली आणि दोन्ही पाणी एक झालं.

चीफसाहेब म्हणजे परदेशी जाणाऱ्या जहाजांवरचे चीफ इंजिनिअर. ऐंशी सालानंतर कधीतरी निवृत्त झाले, भाट्याला खाडीकाठी घर बांधलं आणि मुंबईहून एक जुनी शिडाची होडी ट्रकवर घालून आणली. मासे धरायला नाही, माल न्यायला नाही, नुसती फिरायला. आमच्या आळीतल्या बायकांना हसू आवरेना. "मासळी नाय आणायची तर पाण्यात मरायला जायचं कशाला?"

होडीत माणसं दोनच मावत. एक चीफसाहेब. दुसरी जागा माझी झाली. त्यांच्याकडची इंग्रजी मासिकं वाचायला जायचो, त्यातून ओळख वाढली. दर रविवारी आम्ही खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचो. ते मला प्रोफेसर म्हणत. मी प्रोफेसर नव्हतो, पण दुरुस्तीही केली नाही.

त्या हिवाळ्यात त्यांनी ठरवलं, खाडीबाहेर पडायचं. दक्षिणेला पूर्णगडच्या दिशेने जायचं, वाटेत किनाऱ्याच्या एखाद्या खाचेत नांगर टाकून जेवायचं आणि परत यायचं. होडीबरोबर चार आकड्यांचा लोखंडी नांगर आला होता, पण त्याला बांधायला धड काही नव्हतं.

"प्रोफेसर, साखळी घ्यायची की दोर?" त्यांनी विचारलं. "जहाजावर मी आयुष्यभर साखळीच पाहिली."

मला प्रश्न विचारलाय म्हटल्यावर मी आठवडाभर बसलो. साखळी जड, म्हणून ती तळाशी लोळून राहते. त्यामुळे होडीची ओढ नांगराला आडवी बसते आणि तो मातीत आणखी रुततो. दोर हलका, तो नांगराला वर उचलू पाहतो. हे सगळं मी ग्राफपेपरवर आकृती काढून, बाण दाखवून, दीड पानात मांडलं. निष्कर्ष, सगळी साखळी.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. खूश झाले. मग म्हणाले, "तुझा तो भाऊ तांडेल आहे ना? त्यालाही एकदा दाखवू."

त्याच्या बोटीचं इंजिन खोलून ठेवलेलं, त्यामुळे भाऊ मोकळाच होता. लुंगीवरच आला. कागदाकडे बघितलंही नाही. थेट होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, जाऊन उभा राहिला आणि दोन उड्या मारल्या. होडीचं नाक भसकन खाली गेलं.

"साहेब, ही नवी नवरी हाय. गळ्यात एवढं लोखंड घातलंत तर मान वर करायची न्हाय."

साहेब एवढ्या मोठ्याने हसले की बाईसाहेब आतून बघायला आल्या. माझ्याबरोबर ते असे कधी हसले नव्हते.

"मग नुसता दोर?"

"नुसता दोर खडपावर घासून तुटतो. फुडं दोन वाव साखळी, मागं सगळा दोर." वाव म्हणजे किती ते दाखवायला त्याने दोन्ही हात पसरले. "दोन माणसांना हातानं ओढायचाय तो. तुमचं वय काय, साहेब?"

"प्रोफेसर, तुझं गणितही हेच सांगतंय की!" साहेब म्हणाले.

खरंच सांगत होतं. तळाशी जड तुकडा पुरेसा होता, बाकीची साखळी मी हौसेने ओढली होती. मी म्हणालो, "साधारण तसंच."

त्यानंतर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत भाऊ बसला. ती मी बसायचो ती खुर्ची. त्याला बशीसकट कप आला, आणि चहा बशीत ओतून त्याने फुरके मारले. साहेबांनी त्याचं बघून स्वतःही बशी उचलली. मी पायरीवर बसून ऐकत होतो. कुठे चिखल, कुठे रेव, कुठे पाण्याखाली खडकांचं खडप, सगळं तो घरातलं सामान सांगावं तसं सांगत होता. मला रात्री जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "साहेबांनी त्याला फुडच्या वेळी होडीत घेणार म्हणलंन म्हणे." मी म्हटलं, मला माहीत नाही.

शनिवारी नांगर बांधायला तोच आला, आणि बांधून निघूनही गेला. संध्याकाळी मी बघितलं तर साखळी नांगराच्या डोक्यावरच्या कडीत अडकवलेलीच नव्हती. ती खाली, बुडाशी, जिथे चारही आकडे एकत्र येतात तिथे पक्की केली होती. मग दांड्यालगत वर आणून कडीला जाळ्याच्या बारीक दोऱ्याने नुसती गुंडाळली होती. तो दोरा मी दातांनी तोडला असता.

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला.

"साहेब, बघा. उलटा बांधलाय," मी म्हणालो. "सगळा भार या दोऱ्यावर. कडी कशासाठी असते?"

साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. जहाजावर असलं काही त्यांनीही पाहिलं नव्हतं. "घाईत बांधला असेल," ते म्हणाले. "बरं झालं तू पाहिलंस." भावाला विचारू या, असं तेही म्हणाले नाहीत आणि मीही. मिरकरवाड्याला सायकलने जाऊन यायला वेळ लागला नसता. मी साखळी बुडापासून सोडवली, कडीत घातली, पोलादी बोल्ट पाना लावून आवळला. रविवारी पहाटे दुसऱ्या जागेवर मी बसलो.

सकाळ सुरेख गेली. दहाच्या सुमारास किनाऱ्याच्या एका खाचेत नांगर टाकला. लगेच धरला. चपात्या आणि सुकटीची चटणी खाताना साहेब म्हणाले, "मजबूत काम केलंस." त्या घासाची चव मला अजून आठवते.

निघताना नांगर येईना. आकडा खडपात अडकला होता. दोघांनी ओढला, होडी पुढे घेऊन उलट्या बाजूने ओढला, दोर नाळेला बांधून लाटेबरोबर उचलू पाहिला. होडीचं नाक बुडायला लागलं, नांगर जागचा हलला नाही. साहेबांच्या तळहाताची साल गेली. वारा वाढत होता. शेवटी त्यांनी सुरी काढून दोर कापला. पूर्णगड दिसत होता, पण ते म्हणाले, "नांगर नसताना पुढे जायचं नाही." परतीला वारा तोंडावर होता. तिरकं तिरकं जात खाडीत शिरलो तेव्हा सूर्य टेकला होता.

काठावर भाऊ उभा होता.

"नांगर?"

"खडपात गेला," साहेब म्हणाले.

"जायचा न्हाय. दोरा तुटला न्हाय?"

"दोरा नव्हता. प्रोफेसरने कडीला बांधला."

भाऊ माझ्याकडे बघेल असं वाटलं. त्याने बघितलं नाही. वाळूत उकिडवा बसून काटकीने नांगर काढला. माझ्या ग्राफपेपरपेक्षा चांगला काढला नव्हता. "ओढ लागते कडीपासून, तोवर धरून राहतो. अडकला तर वरनं हिसडा द्यायचा. दोरा तुटतो, मग ओढ बुडाला लागते, आणि आकडा गेला तसाच उलटा भायेर येतो. दिवसा, खडपाजवळ असाच बांधतात. मुक्कामाला कडीला." 

"सांगून का नाही गेलास?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"आमच्यात कोण सांगतंय? तुझ्या बापाच्या होडीला असाच असायचा."

साहेब काटकीच्या आकृतीवर वाकून बसले होते. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "वा," आणि मग, "तांडेल, नवा नांगर आणू. पुढच्या रविवारी तूच चल." थोड्या वेळाने त्यांना मी तिथे आहे हे आठवलं. "प्रोफेसर, त्याच्या पुढच्या खेपेला तू."

"मला जमायचं नाही," मी म्हणालो. "पेपर तपासायचे आहेत."

सहामाही होऊन महिना झाला होता. आणि डेमॉन्स्ट्रेटरकडे पेपर येत नाहीत, हे साहेबांना ठाऊक नसेल, भावाला पक्कं ठाऊक होतं. हे त्याला मीच एकदा कुरकुरत सांगितलं होतं.

"होय साहेब," तो उठत म्हणाला. "त्याच्या मागं कॉलेजचं लय काम असतं."

हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. तो खरंच मला सांभाळून घेत होता. ते मला त्या होडीतल्या जागेपेक्षाही जड गेलं. मी सायकल उचलली आणि त्याच्याबरोबर चालत यायला लागू नये म्हणून लांबच्या रस्त्याने घरी गेलो.