काकूंचं काचेतलं तळं

तुमच्या पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं, तळं बुजवलं, तेव्हा त्यातले जीव कुठे गेले, हे तुम्ही कुणाला विचारलंत का? आमच्या झिंगेवाल्या काकूंनी विचारलं होतं. रायपूर राजधानी झालं आणि पुरानी बस्तीत आमच्या घरांमागच्या तळ्यात मुरुमाचे ट्रक रिकामे होऊ लागले. साठी उलटलेल्या काकू पदर खोचून उरल्यासुरल्या पाण्यात उतरल्या आणि चाळणीने नखाएवढे झिंगे नि गोगलगाई गोळा करून घरी घेऊन आल्या.

मी तेव्हा 'तळं वाचवा' म्हणून पत्रकं वाटत होते. "तू तळं परत आण, पोट्टे," त्या म्हणाल्या. "तोवर मी यायले सांभाळून ठेवीन."

देव्हाऱ्याशेजारी काचेची टाकी आली. नळाचं पाणी काकू, त्यातलं क्लोरीन उडावं म्हणून, दिवसभर बादलीत उघडं ठेवत, मगच टाकीत घालत. उकडलेल्या लौकीची, आपल्या दुधीची, चकती सोडली की सगळे झिंगे तिला बिलगत. शंखाला चुना हवा, म्हणून कांदाही न शिजणाऱ्या त्या घरात त्या शेजाऱ्यांकडून अंड्यांची टरफलं मागून आणत.

"काकी, झींगा फ्राय कब खिलाओगी?" दारावरून कुणीतरी ओरडे.

"तुझ्या तेरवीले!"

रेल्वेतून निवृत्त झालेले काका चेष्टा करत, पण टाकीसमोरून हलत नसत. एकदा तळाशी पारदर्शक साल दिसली. "अवो, एक मेला!"

"मेला नाही, कपडे बदलले त्यानं. तुमच्यासारखा एका बनियनवर महिना नाही काढत तो."

मग एका उन्हाळ्यात काकू दवाखान्यात भरती झाल्या. टाकी काकांकडे आली. उन्हाने पाणी भराभर आटायचं. काका जन्मभर तांब्याच्या हंड्यातलंच पाणी प्यायलेले. आजारी बायकोच्या जिवलगांना बादलीतलं पाणी द्यायला त्यांचं मन धजेना. मी गेले तेव्हा काका खुशीत होते. "पाह्य, गोगलगाई काचेवर चढून राहिल्या. मले ओळखतात आता."

काकू घरी आल्या तेव्हा टाकीत काहीच हलत नव्हतं. त्यांनी शेजारचा लखलखीत हंडा पाहिला.

"मी तं त्यायले माझंच पाणी देलं," काका म्हणाले. "चिंचेनं हंडा घासून. काहून मेले वो?"

"उन्हानं," काकू म्हणाल्या. "त्याले तुम्ही काय करान?"

स्वयंपाकघरात मात्र त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तांबं त्यायले जहर असते. गोगलगाई जीव वाचवाले वर चढत होत्या. तुझ्या काकाले कधी सांगू नको."

टाकी गच्चीवर पालथी पडली. काकूंनी मला पुन्हा तळ्याबद्दल विचारलं नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. काका शेवटपर्यंत उन्हाला शिव्या देत राहिले. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहिते आहे.

हंड्याला मी दोष देत नाही. एक आख्खं तळं एका म्हातारीच्या बैठकीत कोंबायची वेळ ज्यांनी आणली, त्यांना देते. आज तिथे कॉम्प्लेक्स आहे, आणि माझ्या पत्रकांनी त्याची एक वीटही हलली नाही.

तुमच्या पाऱ्यात तळं उरलं असेल, तर उद्या सकाळी त्याच्या काठावर जा. शेजाऱ्यांना सोबत न्या. आणि मुरुमाचा पहिला ट्रक येईल, तेव्हा त्याच्यापुढून हलू नका.