पाटीवरचं गाव

आईचा जुना, बटणांचा मोबाइल दुरुस्त करायला दिला होता. दुकानदार पळसगावकर तो उघडता उघडता म्हणाले, "या कंपनीचं नाव म्हणजे एका गावाचं नाव. थंड मुलखातलं, नदीकाठचं गाव. तिथे ही कंपनी आधी कागद बनवायची. पुढे कागद सुटला, गावही सुटलं. नाव तेवढं राहिलं."

वर्षानुवर्षं ते नाव आमच्या हातात होतं. त्यामागे एखादी नदी वाहत असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

"आणि तुमचं पळसगाव कुठे आलं?" मी सहज विचारलं.

"धरणात गेलं. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो." ते मान खाली घालून काम करत राहिले. "कंपनीच्या त्या गावाचे फोटो पुष्कळ बघितलेत मी. आमच्या गावाचा एकही नाही."

माणूस गाव सोडतो, पण गाव त्याच्या आडनावात राहायला येतं. तिथे ना वीज लागते, ना रस्ता.

त्यांनी बॅटरी बसवली. काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव हळूहळू उजळलं.

फोन घेऊन बाहेर पडलो, आणि कित्येक वर्षं येताजाता दिसणारी दुकानाची पाटी त्या दिवशी मी पहिल्यांदा वाचली.